सीईटी, ५४ सेकंद आणि दुधाच्या हिशोबाची वही

दिवाळीत गावाला गेले होते. फराळाचं ताट घेऊन ओट्यावर बसले तर आमचा बारक्या (चुलत भाऊ, बारावी सायन्स, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा सीईटी देणार) शेजारी येऊन टेकला आणि माझ्याच ताटातली चकली मोडत म्हणाला, "ताई, सीईटीला रोज किती तास बसायला लागतं गं?" मी म्हटलं तास राहू दे, तुला एक प्रश्न सोडवायला किती सेकंद लागतात ते सांग. तो बघतच बसला. सेकंद कोण मोजतंय?

तर तेव्हापासून फोनवर त्याला सांगून सांगून माझा घसा बसलाय, आणि आता त्याच्या दोन मित्रांचेपण मेसेज यायला लागलेत, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकते आणि लिंक पाठवून मोकळी होते.

आधीच सांगते, मी टॉपर वगैरे अजिबात नाही. मी सीईटी दोनदा दिली. २०१९ ला पहिल्यांदा, ७१ पर्सेंटाइल. २०२० ला परत, ९६ च्या वर. मधल्या वर्षात माझी बुद्धी काही वाढली नाही हो, फॉर्म्युले तेच होते, पुस्तकं तीच होती. बदललं काय ते सांगायला हा सगळा खटाटोप.

२०१९ हे ते वर्ष जेव्हा सीईटी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर झाली आणि मार्कांऐवजी पर्सेंटाइल आलं. त्यामुळे घरी एक वेगळाच तमाशा. ७१ आकडा बघून आत्या म्हणाली फर्स्ट क्लास आला की, आणि पेढे घेऊन आली! तिला कुठल्या तोंडानं सांगू की आत्या, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, माझ्या शिफ्टला बसलेल्या शंभरातल्या ७१ जणांना माझ्याइतके किंवा माझ्यापेक्षा कमी मार्क पडलेत आणि २९ जण माझ्या पुढे आहेत, आणि राज्यभरातली पोरं धरली तर ते २९ टक्के म्हणजे चांगली जत्रा भरते. पेढा मात्र खाल्ला.

(हे अजूनही बऱ्याच पालकांना माहीत नसतं म्हणून लिहितेय. पेपर बऱ्याच शिफ्टमध्ये होतो, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, कुणाचा सोपा कुणाचा अवघड, म्हणून तुमची तुलना तुमच्याच शिफ्टमधल्या पोरांशी होते. त्यामुळे पेपर अवघड गेला म्हणून बाहेर येऊन रडू नका, तुम्हाला अवघड तर बाकीच्यांनापण अवघड.)

आता त्या पहिल्या वेळी काय झालं. मी अभ्यास केला नव्हता असं कुणी म्हणूच शकत नाही. चार रंगांचे पेन, नोट्स अशा की मैत्रिणी झेरॉक्स मारून न्यायच्या. डेरिव्हेशन झोपेत विचारा. बोर्डात ८० च्या वर टक्के पडले. पण सीईटीचं गणित वेगळं आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं. भागाकार करा, एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. त्यातच वाचायचं, आठवायचं, आकडेमोड करायची आणि क्लिक करायचं. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, त्याला परत वेगळी ९० मिनिटं, म्हणजे एकाला १०८ सेकंद. आणि पहिली ९० मिनिटं संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद, मॅथ्स करता करता मागे जाऊन काही करता येत नाही.

मी काय केलं, तर एक नंबरपासून सुरुवात केली, जशी बोर्डाच्या पेपरला करतात तशी. सातवा की आठवा प्रश्न रोटेशनल मोशनचा होता, येत होता मला, अगदी येत होता, पण उत्तर ऑप्शनमध्ये सापडेना. परत केला. परत सापडेना. आता सोडून द्यायला जिवावर आलं ना, कारण येतंय की मला! त्या एका मार्कात साडेपाच-सहा मिनिटं गेली. तिथून जी घाई सुरू झाली ती शेवटपर्यंत, आणि टायमर शून्यावर आला तेव्हा १९ प्रश्न मी उघडूनसुद्धा बघितले नव्हते. कोरे. आणि सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही!! म्हणजे शेवटच्या एका मिनिटात नुसतं डोळे झाकून टिक केलं असतं तरी चारात एक या हिशोबानं चार-पाच मार्क आले असते. तेवढंही डोकं चाललं नाही. ज्या क्लासला जात होते तिथं वर्षभर टेस्ट कागदावर गोल रंगवून घेतल्या, स्क्रीनवर एकही नाही, पण त्यांना तरी काय बोलणार, फी भरताना मीपण विचारलं नव्हतं.

मग गॅप घ्यायचं ठरलं. घरात आठ दिवस कुणी धड बोललं नाही. आणि बघा नशीब, गॅप घेतला तो २०२०, मार्चमध्ये लॉकडाऊन, क्लास बंद, एप्रिलची परीक्षा पुढे ढकलत ढकलत ऑक्टोबरवर गेली. घरात रेंज फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ. नवीन वही आणायला दुकान उघडं नाही. तेव्हा बाबांची डेअरीच्या हिशोबाची एक जुनी लांबडी वही सापडली, अर्धी कोरी. तिच्यात आधीच रकाने आखलेले होते, तारीख, लिटर, फॅट, दर. मी त्याच रकान्यांत लिहायला लागले. तारखेत तारीख. लिटरमध्ये कुठल्या धड्यातला प्रश्न. फॅटमध्ये चूक कुठल्या जातीची. आणि दरात पुढच्या वेळी काय करायचं ते एका ओळीत.

माझा सगळा अभ्यास या वहीनं बदलला, खरं सांगते.

कारण महिनाभरानं मी फॅटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं होतं सगळीकडे "येत नव्हतं" लिहिलेलं असेल. तसं नव्हतंच. "येत नव्हतं" साधारण चारात एक. बाकी सगळं, प्रश्न नीट वाचला नाही, एकक बदललं नाही, सेंटीमीटर तसाच ठेवला, वजाचं चिन्ह खाल्लं, आणि सगळ्यात जास्त काय तर "विच ऑफ द फॉलोइंग इज नॉट करेक्ट" यातला नॉट दिसलाच नाही. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावीला एकदम सगळं इंग्लिश, डोळे भराभर शब्दांवरून घसरतात आणि मेंदू ओळखीचा शब्द दिसला की पुढचं स्वतःच ठरवून टाकतो. म्हणजे मी महिनोन्‌महिने फिजिक्स वाढवत बसले होते आणि आजार वाचण्याचा होता. तेव्हापासून प्रश्नातला नॉट, इनकरेक्ट, एक्सेप्ट यावर कर्सर नेऊन थांबायची सवय लावली. अर्धा सेकंद जातो. जाऊ दे.

आणि हो, फिजिक्स केमिस्ट्री (आणि बायो) मराठीतूनपण घेता येतं, मॅथ्स मात्र इंग्लिशमध्येच येतं. पण दोन वर्षं इंग्लिश पुस्तकातून शिकून परीक्षेत एकदम मराठी घेतलं तर नवखा मराठी शब्द बघून मोमेंट ऑफ इनर्शिया आठवायला परत दहा सेकंद. फॉर्म भरतानाच नीट विचार करा.

बारक्याला मी पहिलं काम हेच लावलं. टेस्ट दे, मार्क मला सांगू नकोस, चुकांची जात सांग. पोरगा वैतागला. "ताई, टेस्ट दीड तासाची आणि चुका लिहायला दोन तास लागतायत!" मी म्हटलं बरोबर चाललंय मग. रोज एक टेस्ट देणारी पोरं मी बघितलीत, टेस्ट देतात, मार्क बघतात, स्टेटस टाकतात, परत उद्या टेस्ट आणि परत त्याच चुका. आठवड्याला दोन द्या, पण त्या सोलून काढा.

दुसरं म्हणजे फेऱ्या. एक नंबरपासून शंभरपर्यंत सरळ जायचं हे डोक्यातून काढून टाका. पहिल्या फेरीत फक्त ते प्रश्न जे बघता बघता सुटतात. आधी केमिस्ट्री घ्या, कारण तिथं बरंचसं येतं किंवा येत नाही असंच असतं, इनऑरगॅनिक, पॉलिमर, बायोमॉलिक्यूल्स, ग्रीन केमिस्ट्री, वाचलं की क्लिक. माझी केमिस्ट्री ३५ मिनिटांत उरकायची आणि फिजिक्सला ५५ उरायची. मग दुसरी फेरी, ज्यात पेन लागतो. आणि एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं की सोडायचा, येत असला तरी सोडायचा, खास करून येत असला तर सोडायचा, कारण तोच तुम्हाला बुडवतो. न येणारा प्रश्न बिचारा काही करत नाही, त्याला आपण लगेच सोडतोच. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची, उरलेल्या सगळ्याला काहीतरी टिक. कोरा एकही नाही.

हे सोडायला शिकणं फार अवघड गेलं मला. लहानपणापासून गुरुजींनी शिकवलंय की अर्धवट काही सोडू नये.

आता अभ्यास कशातून. बारक्याकडे तीन जाडजूड प्रश्नसंच, क्लासचं मॉड्यूल, टेलिग्रामवरून उतरवलेल्या चाळीस पीडीएफ, आणि बालभारतीचं पुस्तक? ते माळ्यावर! सीईटीचा अभ्यासक्रम राज्य बोर्डाचा आहे बाबांनो. प्रत्येक विषयात साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे. केमिस्ट्रीत तर पुस्तकातलं वाक्य जवळपास जसंच्या तसं ऑप्शनमध्ये येऊन बसतं. आधी पुस्तक, धड्याखालचे प्रश्न, सोडवलेली उदाहरणं, मग मागच्या वर्षांचे पेपर, आणि वेळ उरला तरच ते प्रश्नसंच.

अकरावीचा २० टक्के भाग हा फुकट सोडलेला खजिना आहे. तिकडे कुणी बघतच नाही कारण अकरावी म्हणजे "रेस्ट इयर" असा आपल्याकडे समज. अरे पण प्रत्येक विषयात दहा प्रश्न! मॅथ्समध्ये दहा प्रश्न म्हणजे २० मार्क. आणि सगळी अकरावी करायची नसते, ठरावीक धडे असतात, यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर असते, तीच बघा. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, प्रोबॅबिलिटी, सर्कल, स्ट्रेट लाइन, फिजिक्समधलं ऑप्टिक्स, लॉज ऑफ मोशन वगैरे. अजून एक, मोठ्या ताई-दादाच्या जुन्या नोट्स वापरत असाल तर जपून. माझ्या वेळी ग्रॅव्हिटेशन बारावीत होतं, आता ते अकरावीत गेलंय, बारावीची पुस्तकं २०२० पासून बदललीत. माझ्या त्या चार रंगांच्या नोट्स बारक्याला द्यायच्या म्हणून किती जपून ठेवल्या होत्या, अर्ध्या कामाच्याच नाहीत.

वेग कसा वाढवायचा हे सगळे विचारतात. नुसतं भराभर करून वाढत नाही, कमी करून वाढतो. बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, इथं पायरीला कोण विचारत नाही. उदाहरण सांगते. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन ९० टक्के व्हायला २० मिनिटं लागतात, ९९ टक्के व्हायला किती? बोर्डवाली मी लगेच २.३०३ घेऊन के काढायला बसायचे. पण ९० टक्के संपलं म्हणजे दहावा भाग उरला, त्या उरलेल्याचा परत दहावा भाग उरला की ९९ झाले, म्हणजे तेवढाच वेळ परत, ४० मिनिटं. पाच सेकंद. तसंच ९९.९ टक्के म्हणजे साधारण दहा हाफ लाइफ, कारण दोनाचा दहावा घात १०२४. इंटिग्रेशन अडलं तर ऑप्शनचंच डिफरन्सिएशन करून बघा कुठला परत येतो. ट्रिगोनोमेट्रीची लांबलचक ओळ असेल तर अँगलची सोपी किंमत घालून बघा. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ५ असेल तर अ‍ॅडजॉइंटचा २५, अख्खं अ‍ॅडजॉइंट काढत बसू नका. पेंड्युलमच्या गणितात जीची किंमत पायचा वर्ग दिली असेल तर समजायचं की पेपर काढणाऱ्यानं आपल्यावर दया केलीय, वर्गमुळात सगळं कटणार. आणि फिजिक्समध्ये काहीच सुचत नसेल तर ऑप्शनची एककं तपासा, कधीकधी दोन ऑप्शन तिथंच मरतात.

कॅल्क्युलेटर नाही, बोर्डासारखं लॉग टेबलही नाही. त्यामुळे लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, रूट २, रूट ३, तीसपर्यंतचे वर्ग हे पाठच. मी भाकरी भाजताना म्हणायचे, आई म्हणायची पोरीला वेड लागलं.

पण याचा अर्थ बोर्ड सोडून द्या असा नाही, हे बारक्याला तीनदा सांगितलं कारण त्याच्या कॉलेजात सगळे हेच बोलतात की बोर्डाला कोण विचारतंय. इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएम मिळून ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच, पर्सेंटाइल ९९ असलं तरी. आणि बोर्ड ते सीईटी मधला जो काळ असतो ना, तिथंच खरा खेळ होतो. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की पोरं चार दिवस झोपतात, मग कुणाचं लग्न, मग गावची जत्रा, मग आयपीएल, आणि बघता बघता हॉल तिकीट येतं. दोन दिवस झोपा. तिसऱ्या दिवशी टेस्ट.

टेस्ट जमलं तर कॉम्प्युटरवरच द्या, सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन द्या पण द्या. रफ कागदावर गणित, स्क्रीनवर प्रश्न, मान वर खाली वर खाली, याचीपण सवय लागते. माझ्या दुसऱ्या वेळी तोंडाला मास्क आणि चष्म्यावर वाफ, दर दहा मिनिटांनी पुसायचा! पण त्या वेळी घाबरले नाही कारण टाकीजवळ बसून उन्हात घाम पुसत पुसत टेस्ट दिल्या होत्या, मास्क काय चीज आहे.

जेईई, नीटबद्दल थोडंच, कारण तो माझा प्रांत नाही. जेईई मेनला ७५ प्रश्न आणि तीन तास, म्हणजे एकाला १४४ सेकंद, प्रश्न खोल असतात आणि चुकलं की एक मार्क जातो. नीटला १८० प्रश्न १८० मिनिटांत, बरोबरला चार आणि चुकलं की वजा एक, आणि तिथं पुस्तक एनसीईआरटीचं. म्हणून वर जे "काहीतरी टिक करा" म्हटलंय ते फक्त सीईटीसाठी, तिकडे केलंत तर मला शिव्या घालू नका. सीईटीबरोबर यातलीपण परीक्षा देणाऱ्यांनी ही सवय बदलायचं लक्षात ठेवायला लागतं, माझ्या एका मैत्रिणीनं जेईईच्या सवयीनं सीईटीत १४ प्रश्न कोरे ठेवले होते.

आता कागदपत्रं. हे अभ्यासात येत नाही असं वाटतं, पण येतं. डोमिसाइल, जातीचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेयर, ज्याला जे लागू ते आत्ताच काढायला टाका. रिझल्ट लागल्यावर सेतू केंद्रात ही रांग असते आणि सर्व्हर डाऊन असतो. व्हॅलिडिटीला तर महिनेच्या महिने जातात. हे काम मात्र आईबाबांना द्या, तुम्ही स्वतः तहसीलच्या चकरा मारू नका, बाबांना सांगा की मला शिकवू नका, फक्त एवढं करा. माझ्या बाबांनी एक हिरवी फाइल केली होती, प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, आणि ती फाइल ते शेतात जातानापण घरात कुलूप लावून ठेवायचे. हसायचो आम्ही. पण कॅप राउंडच्या (कॉलेज प्रवेशाच्या फेऱ्यांच्या) वेळी बाकीचे पळत होते आणि बाबा चहा पीत बसले होते.

पसंतीक्रम भरण्यावर वेगळं लिहीन कधीतरी, तो मोठा विषय आहे. आत्ता एवढंच की पहिल्या नंबरला जे कॉलेज टाकाल ते मिळालं तर सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की, मग पुढच्या राउंडला "बघू काय मिळतंय" चालत नाही, त्यामुळे मित्रानं टाकलं म्हणून काहीही वर टाकू नका.

बारक्याचं काय चाललंय? काल रात्री साडेदहाला वहीच्या पानाचा फोटो आला. त्यानंपण रकाने आखलेत, आणि वर शीर्षकं काय, तर तारीख, लिटर, फॅट, दर! काकांच्या डेअरीच्या वहीतलंच पान फाडलंय बहुतेक. फॅटच्या रकान्यात सलग चार ओळी, "नॉट दिसला नाही", "नॉट दिसला नाही", "एकक", "नॉट दिसला नाही". खाली पेन्सिलीनं लिहिलंय, "ताई, हे आपल्या घराण्यातच आहे काय?"

मी अजून रिप्लाय दिलेला नाही. त्याला फोन बाजूला ठेवायला सांगितलंय ना.